पोस्टग्रेस सोर्सवरून बिल्ड करून मराठी शोधासाठी पॅच (कोडमधला बदल) द्यायचाय, सुरुवात कुठून करू?

प्राजक्ता_मिरज

नमस्कार मंडळी. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला आहे. मागे सगळीकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस. एसक्यूएल रोजचं, पण सी भाषेला कॉलेज सुटल्यापासून हात लावलेला नाही.

अडचण अशी. संस्थांच्या सभांची इतिवृत्तं आमच्याकडे मराठीत साठवलेली असतात आणि सचिवांना त्यात जुने ठराव शोधायचे असतात. 'जामीन' टाकलं की 'जामिनाची मुदत' असलेला ठराव सापडत नाही. फुल टेक्स्ट सर्चला सध्या 'सिंपल' कॉन्फिगरेशन लावलंय, ते शब्द आहे तसाच धरतं. यादीत पाहिलं तर हिंदी आहे, नेपाळी आहे, तमिळ आहे, मराठीचा पत्ता नाही. हिंदी लावून पाहिलं, तर 'सभासदांची' मधली शेवटची वेलांटी तेवढी उडते आणि 'सभासदांच' उरतं. काय उपयोग?

म्हटलं, कोड उघडा आहे, आपणच घालू मराठी. गिटहबवरून कोड उतरवला. विंडोज लॅपटॉप, त्यात डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू, आणि कोड सी ड्राइव्हवर. कॉन्फिगर चालवल्यावर आधी 'बॅड इंटरप्रिटर' आलं, ते कसंबसं मिटवलं. मग आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) नाही म्हणून अडलं, ते बसवलं. मेक झालं. पण मेक चेक, म्हणजे टेस्ट, सुरुवातीलाच इनिटडीबीवर (डेटाबेसची पहिली मांडणी करणारा प्रोग्रॅम) मरतं, परमिशन बदलता येत नाही म्हणतं. सुडो लावून पाहिलं तर रूट (मशिनचा सर्वाधिकारी युजर) म्हणून चालणार नाही म्हणतं. धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

दुसरं, गिटहबवर पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) टाकू का? कुणीतरी म्हणालं तिथे कुणी बघतच नाही. मग बघतात कुठे?

---

हत्तीवाला

प्राजक्ताताई, आधी तो कोड सी ड्राइव्हवरून उचला. तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथे आहे.

पोस्टग्रेसला स्वतःच्या डेटा डिरेक्टरीची परमिशन आवळून घ्यावी लागते, मालकाशिवाय कुणाला आत जाता येऊ नये म्हणून. डब्ल्यूएसएलमधून दिसणारी विंडोजची ड्राइव्ह लिनक्सच्या परमिशनला सहसा दाद देत नाही, म्हणून इनिटडीबी हात वर करतं. रूटला नकार देणं मुद्दाम आहे, त्याला वळसा शोधू नका. 'बॅड इंटरप्रिटर' आलं कारण विंडोजच्या गिटने कोड उतरवताना ओळींच्या शेवटी विंडोजची खूण घातली. तेव्हा उबुंटूमधल्या गिटनेच, तुमच्या होम डिरेक्टरीत, साध्या युजरने नव्याने क्लोन करा. वेगही वाढेल. सी ड्राइव्हवरून बिल्ड म्हणजे रडतखडत कारभार.

लागणाऱ्या गोष्टी: जीसीसी, बायसन, फ्लेक्स, पर्ल, आणि रीडलाइन, झेडलिब, आयसीयू या तिघांची 'डेव्ह' पॅकेजं. टॅप टेस्ट चालवायच्या तर पर्लचं आयपीसी-रन हवं. सीकॅशे बसवून घ्या, दुसऱ्यांदा बिल्ड करताना दुवा द्याल.

कॉन्फिगर-मेकची सवय नसेल तर मेसन हे बिल्डचं दुसरं साधनच घ्या. आवृत्ती १६ पासून ते अधिकृतपणे आहे आणि निंजाबरोबर चटकन उरकतं. दोन गोष्टी मात्र न विसरता चालू करा: डिबग आणि कॅसर्ट. दुसरी महत्त्वाची. कोडमध्ये जागोजागी 'इथे अमुक असायलाच हवं' अशा तपासण्या पेरल्या आहेत, त्या एरवीच्या बिल्डमध्ये बंद असतात. कॅसर्टशिवाय तुमचा पॅच गुणी बाळासारखा चालेल आणि दुसऱ्याच्या मशिनवर कोसळेल. प्रीफिक्स होम डिरेक्टरीतला द्या, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजमधून आलेल्या पोस्टग्रेसशी गल्लत होणार नाही. स्वतःचा सर्व्हर सुरू करताना पोर्ट ५४३३ वगैरे द्या, ५४३२ वर बहुधा तो जुना बसलेला असेल.

मेक चेक, किंवा मेसन टेस्ट, स्वतःचा तात्पुरता सर्व्हर उभा करतं आणि काम झालं की मोडतं. तुमच्या चालू डेटाला धक्का लागत नाही. टेस्टची तऱ्हा अगदी साधी आहे: एका फोल्डरात एसक्यूएल, दुसऱ्यात अपेक्षित उत्तर, आणि फरक पडला की 'रिग्रेशन डॉट डिफ्स' नावाच्या फाइलीत तो लिहून ठेवलेला. रोज एसक्यूएल लिहिणाऱ्या माणसाने कोडची ओळख इथूनच करून घ्यावी असं माझं मत आहे. लोक थेट प्लॅनरचा कोड उघडतात, दोन दिवसांत डोकं गरगरतं, आणि मग सी भाषेला शिव्या घालतात.

पुल रिक्वेस्टचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे. गिटहबवर आहे तो निव्वळ आरसा. काम चालतं पीजीएसक्यूएल-हॅकर्स या मेलिंग लिस्टवर. गिट फॉर्मॅट-पॅचने पॅच काढायचा, मेलला जोडायचा, काय केलंय आणि का केलंय ते चार ओळींत लिहायचं. मग कमिटफेस्टच्या (आलेले पॅच तपासण्याच्या मोहिमेच्या) साइटवर नोंद करायची. कमिटफेस्ट वर्षातून पाच वेळा भरतो: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. मार्चचा उरकला की एप्रिलमध्ये नवीन गोष्टींना दार बंद, आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी आवृत्ती. नोंद झाली की सीएफबॉट नावाचा यंत्रमानव तुमचा पॅच ताज्या कोडवर चढवून लिनक्स, विंडोज, मॅक, फ्रीबीएसडीवर तपासतो. तो लाल झाला तर माणसं उघडूनही बघत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

मराठी स्टेमरचा (शब्दाचे प्रत्यय छाटणाऱ्या कोडचा) पॅच मात्र तिथे पाठवू नका. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसची बस आली.

---

ठाण्याचा_डीबीए

इतका उपद्व्याप कशाला? शोधासाठी वेगळं सर्च इंजिन उभं करा, मोकळे व्हा.

---

प्राजक्ता_मिरज

अहो, एकेका संस्थेत एक सर्व्हर, तोही सचिवांच्या टेबलाखाली. त्याच्याशेजारी दुसरा कोण सांभाळणार? 😄

हत्तीवाले दादा, होममध्ये क्लोन केल्यावर सगळं सरळ झालं. टेस्ट सगळ्या हिरव्या. रात्रीची वाट बघते.

---

हत्तीवाला

हां, आता स्टेमर.

सोर्समध्ये बॅकएंडच्या आत 'स्नोबॉल' नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या 'लिबस्टेमर'मधल्या सी फाइली पोस्टग्रेसवाल्यांनी हाताने लिहिलेल्या नाहीत. स्नोबॉल हा स्वतंत्र प्रकल्प आहे, मार्टिन पोर्टर यांनी सुरू केलेला. शब्दाचे प्रत्यय कसे छाटायचे हे लिहिण्यासाठी त्यांनी एक छोटी भाषाच केली. तिच्यात नियम लिहायचे, त्यांचा कंपायलर त्यातून सी, जावा, पायथन वगैरे कोड काढतो. पोस्टग्रेस अधूनमधून तिथला ताजा माल उचलतं. १२ मध्ये नेपाळी आणि तमिळ आलं, १४ मध्ये हिंदी, १८ मध्ये एस्टोनियन, ते सगळं याच वाटेने. मराठी स्टेमर हॅकर्सवर पाठवलात तर पहिलं उत्तर येईल 'आधी स्नोबॉलकडे द्या'. तिथे मात्र गिटहबवरची पुल रिक्वेस्टच चालते, म्हणजे तुमची ती हौस फिटेल. आधी त्यांच्याकडच्या उघड्या आणि बंद झालेल्या रिक्वेस्टी चाळा. मराठीसाठी कुणी अर्धवट सोडलेलं काही असेल तर त्याला धरून पुढे जा.

त्यांना नियमांबरोबर शब्दांची नमुना यादी आणि त्या प्रत्येकाचं अपेक्षित छाटलेलं रूप हवं असतं. इथे एक सांगून ठेवतो: तुमच्या संस्थांच्या इतिवृत्तांतून शब्द काढू नका. त्यात सभासदांची नावं, गावं, थकबाकी सगळं असतं. मराठी विकिपीडियाचा डंप सार्वजनिक आहे, तो घ्या. आणि कंपनीच्या वेळेत करणार असाल तर साहेबांकडून लेखी परवानगी आधी घ्या, नंतर नको.

आता गंमत दाखवतो. पोस्टग्रेसच्या टीएसर्च फोल्डरात 'डब्ल्यूपार्सर डेफ' नावाची फाइल आहे, मजकुराचे शब्द पाडणारी. तिच्यात 'स्ट्रेंज लेटर' असा एक तक्ता सापडेल, विचित्र अक्षरांचा. त्यात आपला काना आहे, पहिली वेलांटी आहे, दुसरी वेलांटी आहे, विसर्ग आहे. युनिकोडच्या लेखी हे वर्ण नाहीत, जोडून येणाऱ्या खुणा आहेत. तक्ता नसता तर ज्या मशिनची लायब्ररी कान्याला अक्षर मानत नाही तिथे 'सभासद'चे तुकडे पडले असते, 'सभ' एकीकडे आणि 'सद' दुसरीकडे. उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांची पडद्यावरची रुंदी शून्य धरली जाते, त्यांची सोय त्याच फंक्शनात, तक्त्याच्या आधी, वेगळ्या एका ओळीत आहे. म्हणजे शब्द अख्खा ठेवण्याचं काम कुणीतरी आपल्यासाठी केव्हाच करून ठेवलंय. टीएस-डिबग फंक्शनला एखादा ठराव देऊन बघा, कुठला शब्द कसा पडला ते ओळीओळीने दिसेल.

सचिवांना आजच काहीतरी द्यायचं असेल तर 'सिंपल'वरच शब्दाला कोलन आणि तारा (:*) लावून उपसर्ग-शोध करा. 'सभासद' टाकलं की 'सभासदांची' मिळेल. पण 'जामीन' टाकून 'जामिनाची' मिळणार नाही, कारण तिथे दीर्घाचा ऱ्हस्व झालाय. 'जमीन-जमिनीवर' तेच. 'तारीख-तारखेला' मध्ये तर वेलांटीच गायब. उलट 'जामीनदार' या मार्गाने मिळेल, आणि तो स्टेमरने आणावा अशी अपेक्षा ठेवू नका, तो वेगळा शब्द आहे.

मधला मार्गही आहे. काँट्रिबमध्ये (पोस्टग्रेससोबत येणाऱ्या जादा मॉड्यूलांत) 'डिक्ट इंट' नावाचं छोटंसं एक्स्टेन्शन आहे. स्वतःची डिक्शनरी सी मध्ये कशी लिहायची याचा नमुना म्हणूनच ते ठेवलंय, दोन चहात वाचून होईल. त्यावरून मराठीची डिक्शनरी एक्स्टेन्शन म्हणून लिहिली तर कुणाची वाट न बघता तुमच्या संस्थांत चालू करता येईल. स्नोबॉलने घेणं आणि मग पोस्टग्रेसच्या आवृत्तीत येणं यात वर्ष-दोन वर्षं सहज जातील. मी असतो तर एक्स्टेन्शन आधी केलं असतं. खऱ्या ठरावांवर नियम घासले जातील आणि स्नोबॉलला जाल तेव्हा हातात काहीतरी पारखलेलं असेल.

---

अनुस्वार

हत्तीवाल्यांच्या बोलण्यात एक भर आणि एक मतभेद.

भर अशी की नियम लिहिण्याआधी डेटा बघ प्राजक्ता. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे डोळ्यांना एकच दिसतात, पण पहिल्यात खालच्या टिंबाचा ऱ आहे आणि दुसऱ्यात साधा र, मोडलेला पाय आणि मधे न दिसणारा जोडक. कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर ठरतं. पोस्टग्रेसचं नॉर्मलाइज फंक्शन हे दोन एक करत नाही. संस्थेत दोन कारकून असतील तर एकाचे 'कर्जदाऱ्या' आणि दुसऱ्याचे 'कर्जदार्‍या' कधी भेटणारच नाहीत. (हा शब्द चुकीचा आहे म्हणू नका, आमच्या इतिवृत्तात असाच आहे!) साठवण्याआधी रिप्लेस करून एकच रूप ठेवा. याला ना पॅच लागतो ना एक्स्टेन्शन.

मतभेद असा की पहिलं पाऊल स्वतःच्या पॅचने टाकूच नये. कमिटफेस्टच्या यादीत 'नीड्स रिव्ह्यू' असे ढिगाने पॅच पडलेले असतात. त्यातला एखादा एसक्यूएलशी किंवा पीएसक्यूएलशी (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलशी) संबंधित उचल. चढव, बिल्ड कर, लेखक म्हणतो तसं होतंय का बघ, मग लेखकाने विचार केला नसेल अशा चार गोष्टी करून बघ. रिकामी टेबलं, नल, देवनागरी नावांची कॉलमं. जे दिसलं ते लिस्टवर लिही. कुणी म्हणत नाही की रिव्ह्यूअरला सी यायलाच हवं. कागदपत्रांचा पॅच असेल तर इंग्रजी वाचून कळलं की नाही एवढंही सांगितलं तरी चालतं. शिवाय जो पॅच देतो त्याने दुसऱ्याचा एखादा तपासावा अशी तिथे अपेक्षा असतेच, मग आधीच हिशेब चुकता केलेला बरा. कमिटच्या संदेशात 'रिव्ह्यूड बाय' म्हणून नाव येतं आणि मोठ्या आवृत्तीच्या रिलीज नोट्सच्या शेवटी आभाराच्या यादीतही.

मेल करताना उत्तर वर लिहून खाली सगळं जुनं शेपूट ठेवू नकोस. हव्या त्या ओळीखाली उत्तर, बाकीचं कापून टाक. आणि नेहमी 'रिप्लाय ऑल'.

---

ठाण्याचा_डीबीए

पण एवढं करून मिळतं काय? फुकटची हमाली.

---

हत्तीवाला

ठाणेकर, या लिस्टवर लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण पगारावर तेच काम करतात. पुण्यातही ईडीबी या कंपनीच्या ऑफिसात पोस्टग्रेसच्या कोडवर काम करणारी मंडळी आहेत. हमाली म्हणा हवं तर, फुकटची नाही.

अनुस्वारशी रिव्ह्यूबद्दल वाद नाही. फक्त प्राजक्ताताईंच्या डोक्यात मराठी घोळतंय, दुसऱ्याच्या पॅचवर मन लागेल का ते त्यांनाच ठाऊक.

---

प्राजक्ता_मिरज

दोन्ही करून बघते आहे. पीएसक्यूएलच्या एका छोट्या पॅचवर मेल पाठवला. लेखकाने आभार मानून नवी आवृत्ती पाठवली, भारी वाटलं.

आता नियम. 'त' वर अडले. 'घरात'मधला त काढायचा, 'मुदत'मधला नाही. म्हणून असं केलं की आधी काना, वेलांटी, मात्रा असं काही असेल तरच त छाटायचा. 'मुदत'च्या त आधी नुसता द आहे, तो वाचला. 'मुदतीत'मधला त गेला, मग उरलेली वेलांटी गेली, 'मुदत' उरलं. दोन्ही जुळले. पण 'शेत'चं 'शे' झालं. 😞

---

हत्तीवाला

नियम चांगला आहे, त्याला लांबीची अट जोडा. छाटल्यावर किमान दोन व्यंजनं उरायला हवीत, नाहीतर हात लावायचा नाही. 'शेत', 'गीत', 'जात' वाचतील. 'ला'लाही हीच अट लावा, म्हणजे 'आला', 'गेला' वाचतील. 'चांगला'चं 'चांग' होईल ते होऊ द्या. छाटलेलं रूप शब्दकोशात सापडायला हवं असं नाही, सगळी रूपं एका ठिकाणी पोचली की झालं.

पण तेच बघायचं असतं. 'जाहिरात' घ्या. तुमच्या नियमाने 'जाहिर' होईल. 'जाहिरातीत'चं आधी 'जाहिराती', मग 'जाहिरात'. झाली ना फारकत? 'गुजरात', 'खैरात' हीच कथा. त्यांना अपवादांच्या यादीत टाका. इंग्रजीच्या स्टेमरलाही अपवादांची यादी आहे, लाजायचं कारण नाही. 'तारीख' त्याच यादीत.

'जामीन'साठी शेवटची पायरी म्हणून उरलेल्या रूपातले सगळे दीर्घ ऱ्हस्व करून टाका. 'जामीन' आणि 'जामिना' दोघेही 'जामिन'वर येतील, 'मूल' आणि 'मुला' दोघे 'मुल'वर. 'दिन' आणि 'दीन' एक होतील, पण पतसंस्थेच्या इतिवृत्तात दोघांपैकी कुणी फारसं येत नाही.

साठी, मध्ये, पासून, बद्दल, प्रमाणे ही शब्दयोगी अव्ययं विभक्तीच्या आधी छाटा, लांब प्रत्यय आधी हा स्नोबॉलचा रिवाजच आहे. हिंदीचा नियमसंच उघडलात तर तो म्हणजे प्रत्ययांची एक लांबच लांब यादी, जुळेल तो सगळ्यात मोठा काढायचा, बास. मराठीला सामान्यरूपामुळे दोन पायऱ्या लागतील.

---

प्राजक्ता_मिरज

आणि 'आहे', 'आणि', 'की' असले शब्द? ते गाळायची यादी कुठे ठेवायची?

---

हत्तीवाला

सोर्समध्ये स्नोबॉलच्या खालीच 'स्टॉपवर्ड्स' फोल्डर आहे. नेपाळीची यादी देवनागरीतच आहे, ती नमुना म्हणून बघा. एका ओळीवर एक शब्द, यूटीएफ-८. तुमच्या एक्स्टेन्शनपुरती ती फाइल बसवलेल्या पोस्टग्रेसच्या शेअर डिरेक्टरीत, टीएसर्च-डेटा फोल्डरात 'मराठी डॉट स्टॉप' नावाने ठेवायची, नाव रोमनमध्ये. 'ना' टाकू नका त्यात. 'ना-हरकत' शोधणारे सचिव तुमच्या नावाने बोंब मारतील.